सभागृहातली एकटी : हेलन सुझमन

'अल्पमत' हा शब्द आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. सभागृहात ज्यांची संख्या कमी, ते अल्पमतात. पण ही संख्या किती कमी असू शकते? दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत १९६१ ते १९७४ या काळात ती एकावर आली होती. दीडशेहून जास्त सदस्यांच्या सभागृहात वर्णभेदाचं धोरण मुळातूनच नाकारणारी एकच सदस्य होती, आणि काही वर्षं तर ती त्या सभागृहातली एकमेव स्त्रीही होती. त्यांचं नाव हेलन सुझमन.

त्यांच्या आयुष्याची ओळख करून घेताना नुसती सनावळी पाठ करायची नाही. एक प्रश्न मनाशी धरून हा लेख वाचा. आपण एकही मतदान जिंकणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, अशा सदस्याने सभागृहात बसून नेमकं करायचं काय?

१. घर आणि शिक्षण

ज्यू म्हटलं की मराठी माणसाला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं, आणि घरात ते मराठीच बोलत. हेलन यांचं घराणं मात्र वेगळ्याच वाटेने आलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लिथुआनियातून बरेच ज्यू दक्षिण आफ्रिकेत गेले. तो प्रदेश तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता, आणि तिथे गरिबी होती, छळही होता. हेलन यांचे वडील सॅम्युएल गावरोन्स्की आणि आई फ्रीडा हे याच लोंढ्यातले.

हेलन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१७ चा, जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टन या गावातला. जन्मानंतर थोड्याच काळात आई वारली. शिक्षण झालं जोहान्सबर्गच्या पार्कटाऊन कॉन्व्हेंटमध्ये. ज्यू घरातली ही मुलगी नन्सच्या हाताखाली शिकली. पुढे विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्यांनी वाणिज्य शाखा घेतली. १९३७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डॉ. मोझेस सुझमन यांच्याशी लग्न झालं. दोन मुली झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी युद्धसामग्री मंडळात आकडेवारीचं काम केलं आणि १९४५ पासून विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवला.

आकडेवारी आणि आर्थिक इतिहास, हे दोन विषय ध्यानात ठेवा. पुढे संसदेत त्यांना हीच शिदोरी पुरली.

राजकारणाकडे त्या वळल्या त्याही आकड्यांच्याच वाटेने. शहरांत येणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी असलेल्या कायद्यांची तपासणी करायला १९४६ मध्ये फेगन आयोग नेमला गेला. त्यापुढे मांडण्यासाठी वंशसंबंध संस्थेच्या वतीने पुरावा गोळा करण्याचं काम हेलन यांच्याकडे आलं. ते कायदे एकेक करून वाचताना, आपण ज्या शहरात सुखाने राहतो तिथेच दुसऱ्या माणसाला राहायला, काम करायला, बायकोमुलांना जवळ ठेवायला किती अडथळे आहेत, हे त्यांना कळलं. कायदा नीट वाचणं हा त्यांचा राजकारणातला पहिला धडा.

२. शब्दांचे मुखवटे

१९४८ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारी धोरण झालं. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणत्या वंशाने शहराच्या कोणत्या भागात राहायचं ते ठरलं. तिथल्या हजारो हिंदी कुटुंबांचीही घरं आणि दुकानं यात गेली. १९५३ मध्ये बाग, बाक, बस, सगळं वेगळं झालं.

आपण साहित्य मंडळाची माणसं, म्हणून या कायद्यांची नावं जरा बारकाईने बघू. १९५२ च्या एका कायद्याच्या नावात 'परवान्यांचं निर्मूलन' असे शब्द होते. प्रत्यक्षात त्याने जुने सुटे परवाने रद्द करून प्रत्येक प्रौढ कृष्णवर्णीयाच्या हातात एकच जाडजूड ओळखपुस्तिका दिली. पोलिसाने मागितली आणि खिशात नसली, की अटक. १९५९ च्या एका कायद्याचं नाव 'विद्यापीठीय शिक्षणाचा विस्तार'. त्याने केलं काय? जी विद्यापीठं तोवर कृष्णवर्णीयांना काही प्रमाणात खुली होती, त्यांची दारं बंद केली. नाव एक, काम त्याच्या उलट. हुकूमशाही फक्त बंदुकीने चालत नाही, ती शब्दकोशही बदलते.

परवान्याचा हा विषय आपल्याला अगदी परका नाही. १९०८ मध्ये याच जोहान्सबर्गमध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी सक्तीच्या नोंदणी दाखल्यांची होळी केली होती. सत्याग्रहाची सुरुवात झाली ती अशा एका कागदावरून.

३. बाराजणांतून एक

हेलन सुझमन १९५३ मध्ये जोहान्सबर्गच्या हाउटन मतदारसंघातून युनायटेड पार्टीच्या तिकिटावर निवडून आल्या. हा विरोधी पक्ष, पण विरोध अर्धामुर्धा. गोऱ्या मतदारांना दुखवायचं नाही म्हणून अनेक बाबतींत तो सरकारच्या मागेच चाले. शेवटी १९५९ मध्ये हेलन आणि आणखी अकरा सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली.

पुढच्याच वर्षी, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिलमध्ये परवाना कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी आली. गोरा मतदार घाबरला, आणि घाबरलेला मतदार सरकारकडे झुकला. १९६१ च्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पार्टीचे इतर सगळे उमेदवार पडले. उरल्या फक्त हेलन, त्याही थोड्याशा मताधिक्याने.

आता त्यांची स्थिती बघा. सभागृहात सगळे गोरे. देशातल्या बहुसंख्य जनतेला मतच नाही. सरकारी बाकांवर बहुतेक आफ्रिकान्स बोलणारे, कर्मठ प्रॉटेस्टंट पंथाचे पुरुष. आणि समोर एक इंग्रजी बोलणारी ज्यू स्त्री. 'इस्राएलला परत जा' असे शेरे भर सभेत ऐकावे लागत. घरी निनावी फोन येत, शिव्या, धमक्या. त्यावर त्यांनी साधा उपाय शोधला होता. फोनजवळ एक शिट्टी ठेवायची आणि असा फोन आला की ती जोरात त्याच्या कानात फुंकायची.

६ सप्टेंबर १९६६ रोजी पंतप्रधान फेरवूर्ट यांचा सभागृहातच भोसकून खून झाला. मारेकरी संसदेचाच एक निरोप्या होता. त्या गोंधळात मंत्री पी. डब्ल्यू. बोथा हेलन यांच्याकडे बोट रोखून ओरडले, की हे तुम्हा उदारमतवाद्यांचं काम आहे. हेलन यांनी सभापतींकडे तक्रार केली आणि बोथांना माफी मागावी लागली. हेच बोथा पुढे देशाचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले. एकट्या बाकावर बसण्याची किंमत ही अशी रोज मोजावी लागत होती.

४. प्रश्न हेच हत्यार

एका मताने कायदा अडत नाही. मग उरतं काय? संसदेच्या नियमांत एक गोष्ट उरली होती. कोणताही सदस्य मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या लोकसभेत जसा प्रश्नोत्तराचा तास असतो, तसंच.

हेलन यांनी हा नियम पकडला आणि अधिवेशनामागून अधिवेशन प्रश्नांचा भडिमार केला. परवाना कायद्याखाली या वर्षी किती जणांवर खटले झाले? किती जणांना फटक्यांची शिक्षा झाली? किती जणांना फाशी दिली? खटल्याविना किती जण कोठडीत आहेत? किती कुटुंबांना घरातून उठवून दुसरीकडे नेलं? काळ्या वस्त्यांत घरं किती, शाळा किती?

याने काय साधलं? तीन गोष्टी.

पहिली, आकडा सरकारच्या तोंडून बाहेर पडला. विरोधकाने सांगितलं असतं तर सरकार 'खोटं आहे' म्हणून मोकळं झालं असतं. मंत्र्याने स्वतः दिलेलं उत्तर खोटं कसं ठरवणार?

दुसरी, ते उत्तर संसदेच्या छापील इतिवृत्तात कायमचं नोंदलं गेलं. आज त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही पानं उघडावीच लागतात.

तिसरी, संसदेत बोललेलं वर्तमानपत्रांना छापता येत असे. एरवी पत्रकारांवर कितीतरी बंधनं होती, बंदी घातलेल्या माणसाचं एक वाक्यही छापायची मनाई होती. पण सभागृहात हेलन यांनी मांडलेली हकीकत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येऊ शकत होती. कोठडीतल्या माणसाची बायको, गावाबाहेर हाकललेला शेतकरी, सगळे त्यांना पत्रं लिहू लागले, कारण त्यांच्या तोंडून आपली गोष्ट बाहेर जाईल हे त्यांना कळलं होतं. ज्यांना मत नव्हतं, अशा लाखोंच्या त्या नकळत प्रतिनिधी झाल्या.

एका मंत्र्याने चिडून आरोप केला, की परदेशात देशाची लाज निघावी म्हणूनच तुम्ही असे प्रश्न विचारता. हेलन यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. त्या म्हणाल्या, लाज माझ्या प्रश्नांनी जात नाही, तुमच्या उत्तरांनी जाते.

आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. अर्ज करून एखादा साधा आकडा मागितला की कचेरीत कशी धावपळ होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या हत्याराची धार समजावून सांगायला नको.

५. नव्वद दिवस

१९६३ मध्ये न्यायमंत्री फॉर्स्टर यांनी एक विधेयक आणलं. पोलिसांना कोणालाही आरोपाविना, वकिलाला भेटू न देता ९० दिवस कोठडीत ठेवता येईल, अशी तरतूद त्यात होती. मुदत संपली की पुन्हा पकडायलाही हरकत नाही. युनायटेड पार्टीनेही सरकारला साथ दिली. मतदानात विरोधात उभ्या राहिल्या त्या एकट्या हेलन सुझमन.

हा कायदा कसा चालला याचं एकच उदाहरण पुरे. पत्रकार रूथ फर्स्ट याच वर्षी पकडल्या गेल्या. नव्वद दिवस संपल्यावर त्यांना सोडलं आणि लगेच पुन्हा अटक केली. एकूण ११७ दिवस त्या एकान्त कोठडीत होत्या. त्यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच '११७ दिवस' असं आहे. १९८२ मध्ये मापुटो इथे पार्सलमधल्या बॉम्बने त्यांचा खून झाला.

रूथ फर्स्ट ज्यू होत्या. ज्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांना जन्मठेप झाली, त्यातले आरोपी डेनिस गोल्डबर्गही ज्यू. आणि त्याच खटल्यात सरकारच्या वतीने आरोप मांडणारे पर्सी युटार, तेही ज्यूच. म्हणजे बघा, छळाचा इतिहास असलेल्या समाजात जन्मलं म्हणून माणूस आपोआप न्यायाच्या बाजूला उभा राहतो असं नाही. तिघांनाही तोच वारसा मिळाला होता. बाजू ज्याने त्याने स्वतः निवडली. हेलन यांनीही ती निवडलीच.

नव्वद दिवसांच्या विधेयकाच्या त्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते आल्बर्ट लुथुली यांनी हेलन यांना आभाराचं पत्र लिहिलं. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले लुथुली स्वतः सरकारी बंधनाखाली होते. अंधाऱ्या सभागृहात तुम्ही तेजस्वी तारा आहात, अशा आशयाचं ते पत्र होतं.

६. स्वतः जाऊन बघा

हेलन यांची दुसरी सवय म्हणजे स्वतः जाऊन बघणे. खासदार म्हणून तुरुंग पाहण्याची परवानगी त्या मागत राहिल्या. १९६७ मध्ये त्या रॉबेन बेटावर गेल्या. राजकीय कैद्यांच्या कोठड्यांपाशी गेल्यावर कैद्यांनी सांगितलं, आमच्या वतीने शेवटच्या कोठडीतला माणूस बोलेल. तो माणूस नेल्सन मंडेला.

मंडेलांनी तक्रारी मांडल्या, अन्नाच्या, कपड्यांच्या, अभ्यासाच्या. शिवाय एका पहारेकऱ्याबद्दल सांगितलं. त्याच्या हातावर नाझींचं स्वस्तिक गोंदलेलं होतं आणि वागणंही तसंच होतं. ऐकणारी बाई ज्यू. तिला त्या चिन्हाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. हा विषय संसदेत आणीन, असं हेलन यांनी बजावलं. तो पहारेकरी बेटावरून हलवला गेला. कैद्यांच्या स्थितीतही हळूहळू सुधारणा झाल्या. मंडेलांनी आत्मचरित्रात या भेटीची आठवण आपुलकीने लिहिली आहे.

रॉबर्ट सोबुक्वे यांची गोष्ट तर आणखी विचित्र. शिक्षा भोगून झाली तरी सरकारने खास एका माणसासाठी कायद्यात कलम घातलं आणि त्यांना रॉबेन बेटावरच ठेवलं. हे कलम दरवर्षी संसदेपुढे यायचं. दरवर्षी हेलन उभ्या राहून त्याला विरोध करायच्या. १९६९ मध्ये सोबुक्वे बेटावरून सुटले, तेही नजरकैदेत जाण्यासाठीच.

सरकारी बाकांवरच्या एकाला हेलन यांनी एकदा सल्ला दिला होता, की काळ्यांच्या वस्तीत जाऊन या, मात्र वेश पालटून जा, माणसाचा वेश घेऊन. त्यांची जीभ अशी तिखट होती. पण त्या जिभेमागे स्वतः पाहिलेली वस्ती असायची, म्हणून ती झोंबायची.

७. आक्षेपांची बाजू

चरित्र अभ्यासताना आरती ओवाळून थांबू नये. हेलन यांच्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि तेही वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांकडूनच.

पहिला आक्षेप असा, की फक्त गोऱ्यांच्या संसदेत बसणं म्हणजे त्या संसदेला मान्यता देणं. बाहेरच्या जगाला सरकार सांगू शकत होतं, बघा, आमच्याकडे विरोधकही आहेत. दुसरा, त्यांच्या पक्षाने सुरुवातीला सर्वांना सरसकट मताधिकार मागितला नव्हता. शिक्षण किंवा मालमत्ता यांची अट होती. ही अट पक्षाने पुढे सोडली. तिसरा, ऐंशीच्या दशकात जग दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक बहिष्कार घालत होतं, तेव्हा हेलन यांनी त्याला विरोध केला. नोकऱ्या जातील त्या काळ्या कामगारांच्याच, असं त्यांचं म्हणणं. बहिष्काराची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पटणं शक्य नव्हतं.

हे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. वर्णभेद एकट्या संसदेतून संपला नाही. रस्त्यावरचे लोक, कामगारांचे संप, १९७६ मध्ये सोवेटोत गोळ्या झेलणारी शाळकरी मुलं, तुरुंगातले आणि परागंदा झालेले नेते, या सगळ्यांनी मिळून तो संपवला. हेलन यांना कधी एकान्त कोठडी भोगावी लागली नाही. गोरी कातडी आणि खासदारकी यांचं कवच त्यांना होतं.

पण त्या कवचाचं त्यांनी काय केलं, हा खरा प्रश्न आहे. ते अंगावर घेऊन घरी स्वस्थ बसता आलं असतं, हाउटनसारख्या श्रीमंत वस्तीत ते सोपंही होतं. त्यांनी ते कवच दुसऱ्यांच्या कामी लावलं. जिथे बाकीच्यांना शिरायला मनाई होती तिथे त्या शिरल्या, पाहिलं, आणि बाहेर येऊन सांगितलं. संसदेत बसून व्यवस्थेला मान्यता दिली की तिच्यात राहून तिची कागदपत्रं उघडी पाडली? माझ्या मते दुसऱ्या बाजूचं पारडं जड आहे. तुमचं मत वेगळं असू शकेल.

८. पुढचा काळ

१९७४ च्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पार्टीचे आणखी काही उमेदवार निवडून आले आणि तेरा वर्षांचं एकटेपण संपलं. १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार हेलन यांना मिळाला. परवाना कायदे १९८६ मध्ये रद्द झाले, तेव्हा त्या संसदेतच होत्या. ३६ वर्षांच्या कामानंतर १९८९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी मंडेला सुटले. १९९४ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ज्या आयोगाने घेतली, त्यात हेलन सदस्य होत्या. १० डिसेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली, त्या वेळी त्या तिथे हजर होत्या.

नवं सरकार आपल्या मित्रांचं, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. एड्सबाबतचं आणि झिंबाब्वेबाबतचं सरकारी धोरण त्यांना चुकीचं वाटलं, तसं त्यांनी उघड सांगितलं. प्रश्न विचारायची सवय सत्ताधाऱ्याचा रंग पाहून बदलली नाही. १ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, जोहान्सबर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

चर्चेसाठी प्रश्न

१. मतदानात हार ठरलेली असताना विरोधी मत नोंदवून काय साधतं? ९० दिवसांच्या विधेयकाचं उदाहरण घेऊन लिहा.

२. 'परवान्यांचं निर्मूलन', 'शिक्षणाचा विस्तार' अशी उलट अर्थाची सरकारी नावं तुमच्या वाचनात आली आहेत का? मराठीतली दोन उदाहरणं शोधा आणि नाव व काम यांत काय फरक पडतो ते सांगा.

३. अन्यायी सभागृहात राहून लढावं की बाहेर पडून? हेलन सुझमन आणि रूथ फर्स्ट यांच्या वाटांची तुलना करा.

४. तुमच्या गावच्या किंवा शहराच्या कारभाराबद्दल असा एक प्रश्न तयार करा, ज्याचं उत्तर एका आकड्यात देता येईल आणि तो आकडा द्यायला कारभाऱ्यांना जड जाईल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो लिहून आणा.